मऊ साचा, रेखीव ठसा

पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्याला साचा नवा नाही. चिंचणी, वरोर, तारापूर परिसरात घराघरांतून डायमेकिंग चालते. उजेडाच्या बाजूला मांडलेले टेबल, समोर पोलादाचा ठोकळा, हातात बारीक छिन्नी आणि हातोडी. ठोकळ्यात उलटी कोरलेली नक्षी सराफी कारागिरांकडे जाते, तिच्यावर सोन्याचांदीचा पातळ पत्रा दाबला जातो आणि कर्णफूल, पेंडंट, बांगडीची पट्टी उमटते. महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेर अंगावर मिरवल्या जाणाऱ्या कितीतरी दागिन्यांची रेघ या किनाऱ्यावरच्या माणसांनी पोलादात ओढलेली असते, आणि हे पालघरबाहेर फार थोड्यांना ठाऊक आहे.

पोलादी डायला मात्र एक अट पाळावी लागते. दाबलेला पत्रा सरळ वर उचलता आला पाहिजे. नक्षीत कुठे आत वळलेली जागा राहिली, एखादी पाकळी दुसरीखाली शिरली, की पत्रा अडकला. सपाट दागिन्याला ही अट जाचत नाही. पण गणपतीची सोंड पोटावरून वळते, हात आणि छाती यांच्यामध्ये पोकळी असते, मुकुटाखाली कान असतात. शंखाचे तोंड आत वळते. खेकड्याच्या नांग्यांखाली मोकळी जागा असते. अशा आकारांवर कडक साचा घातला, तर तो सुटण्याआधी साचा तरी फुटेल किंवा मूळ वस्तू तरी. जुन्या कारागिरांनी यावर तोड काढली ती तुकड्यांच्या साच्याची. प्लास्टरचे चार, सहा, दहा तुकडे एकमेकांत बसवायचे, ओतकाम झाल्यावर एकेक सोडवायचे आणि मूर्तीवर राहिलेल्या सांध्यांच्या रेषा घासून काढायच्या. काम कष्टाचे, आणि घासताना नक्षी बोथट होते ती वेगळीच.

साचाच वाकला तर? मग तुकडे नकोत, सांधे नकोत. मऊ साच्याचा सगळा खटाटोप एवढ्यासाठी आहे. आज अशा साच्यांसाठी बाजारात अनेक द्रव्ये मिळतात. त्यांतले कमी खर्चाचे आणि घरच्या ओसरीवरही हाताळता येणारे द्रव्य म्हणजे द्रव लेटेक्स, रबराच्या झाडाचा चीक. मुरबे, सातपाटी, नांदगाव, नवापूर, बोईसर अशा गावांत ज्यांच्या हाताला घडवण्याची सवय आहे, पण ज्यांच्याजवळ भांडवल थोडे आहे, त्यांना या चिकाची नीट ओळख व्हावी म्हणून हे लेखन.

रबराच्या झाडाच्या सालीला पहाटे तिरका छेद दिला की पांढरा चीक खाली लावलेल्या वाटीत ठिबकतो. त्यात साधारण ३० ते ४० टक्के रबर असते, बाकी बहुतेक पाणी. रबराचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात आणि त्यांच्यावरच्या ऋण विद्युतभारामुळे एकमेकांपासून दूर राहतात. चीक तसाच ठेवला तर काही तासांत जंतू कामाला लागतात, आम्लता वाढते, कण एकमेकांना चिकटतात आणि वाटीत गोळा उरतो. तो टिकावा म्हणून त्यात अमोनिया घालतात. नंतर यंत्रात वेगाने फिरवून पाणी कमी करतात आणि रबराचे प्रमाण ६० टक्क्यांपर्यंत आणतात. डब्याचे झाकण उघडताच नाकात शिरणारा वास त्या अमोनियाचा. वास तिखट असतो, पण तो पूर्ण गेला तर चीक टिकणार नाही.

झाड मूळचे दक्षिण अमेरिकेचे. १८७६ मध्ये हेन्री विकहॅमने ब्राझीलमधून सुमारे ७० हजार बिया लंडनजवळच्या क्यू उद्यानात नेल्या आणि तिथून रोपे आशियात पोहोचली. भारतातली पहिली व्यापारी लागवड १९०२ साली केरळात तट्टेकाड येथे झाली. आजही देशातले सर्वाधिक रबर केरळात पिकते, त्याखालोखाल त्रिपुरात. रबर बोर्डाचे मुख्यालय कोट्टयमला आहे. मराठी मुलखातही हे झाड आले आहे. सिंधुदुर्गात दोडामार्ग आणि सावंतवाडीच्या डोंगरउतारांवर केरळी बागायतदारांनी रबर लावले, आणि त्यांचे पाहून स्थानिक शेतकऱ्यांनीही.

पण झाडाहूनही मोलाची आहे ती त्याच्याबरोबर आलेली कल्पना. फ्रेंच शास्त्रज्ञ ला काँदामीन ॲमेझॉन नदीतून प्रवास करून परतला आणि १७४५ मध्ये त्याचा प्रवासवृत्तांत प्रसिद्ध झाला. तिथले लोक या चिकाच्या बाटल्या करतात, असे त्याने त्यात नोंदवले आहे. मातीचा आकार घडवायचा, त्यावर चिकाचे थर चढवायचे, धुरावर सुकवायचे आणि शेवटी आतली माती फोडून बाहेर काढायची. लवचीक बाटली तयार. आजचा लेटेक्सचा साचा याच रीतीने होतो. त्यांना रबरी कवच वस्तू म्हणून हवे होते, आपल्याला ते साचा म्हणून हवे असते. ॲमेझॉनच्या जंगलातल्या त्या अनाम कारागिरांचे ऋण या विषयाच्या कुठल्याही पुस्तकाने मानले पाहिजे.

त्या काळच्या रबरात मोठी खोट होती. उन्हात ते चिकट होई, थंडीत ठिसूळ. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरला गंधक आणि उष्णता यांचा उपाय सापडला. गंधकाने रबराच्या लांब साखळ्या एकमेकींना जागोजागी बांधल्या जातात, म्हणून ताणलेले रबर परत मूळ आकारात येते. साच्यासाठी विकत घ्यायचे लेटेक्स बहुधा असे आधीच व्हल्कनाइज केलेले असते. कारागिराने ते फक्त सुकवायचे. मात्र दुकानदाराला हे विचारून घ्यावे, कारण फुगे, हातमोजे, चिकटद्रव्य अशा कामांसाठीही लेटेक्स विकले जाते आणि सगळ्यांचा गुण सारखा नसतो.

आता प्रत्यक्ष काम. मूळ वस्तू एका गुळगुळीत फळीवर घट्ट बसवतात. तिच्या बुडाभोवती तीन-चार बोटे रुंद मोकळी जागा ठेवतात. लेटेक्स तिथेही पसरले की साच्याला काठ मिळतो आणि सोलताना धरायला जागा होते. पहिला हात सर्वांत महत्त्वाचा. तो पातळ हवा, आणि ब्रशचे टोक प्रत्येक खाचेत गेले पाहिजे. या थरात राहिलेला हवेचा बुडबुडा पुढे ओतलेल्या प्रत्येक वस्तूवर पुळी होऊन दिसतो. म्हणून बुडबुडा दिसताच फुंकर मारून किंवा टाचणीने तो फोडायचा. ब्रश आधी साबणाच्या पाण्यात बुडवून निथळून घ्यावा, नाहीतर चीक केसांत सुकतो आणि ब्रश टाकून द्यावा लागतो.

मग वाट पाहायची. ओला थर पांढरा असतो. सुकताना तो पिवळसर आणि अर्धपारदर्शक होतो. पांढरेपणा संपला की पुढचा हात. वस्तूच्या आकारानुसार असे दहा, पंधरा, कधी त्याहून जास्त थर चढतात. चार-पाच थरांनंतर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या गॉजच्या पट्ट्या लेटेक्समध्ये भिजवून लावतात. त्याने साच्याला ताकद येते आणि तो नको तितका ताणला जात नाही. किनाऱ्यावर फायबरच्या होड्या बांधणाऱ्यांना हे सांगावे लागणार नाही. काचतंतूंची चटई आणि रेझिन यांचे थर ते याच न्यायाने चढवतात.

सगळा विषय या सुकण्यात आहे. लेटेक्सच्या डब्यातला सुमारे ४० टक्के भाग बाहेर जायचा असतो आणि त्याला वाट एकच, हवेत उडून जाण्याची. घाईने जाड थर दिला तर वरची साय आधी बंद होते आणि आतले पाणी कोंडते. बाहेरून साचा तयार दिसतो, सोलला की आत पांढरे डाग निघतात, आणि नंतर तो वाकडातिकडा आकसतो. सिलिकॉनचा साचा रासायनिक क्रियेने काही तासांत घट्ट होतो, पण त्याचा खर्च लेटेक्सच्या कितीतरी पट होतो. लेटेक्स पैशांची बचत करते आणि तिची भरपाई वेळेतून मागते. ज्याच्याकडे वेळ आहे आणि भांडवल नाही, त्याच्यासाठी हा व्यवहार न्याय्य आहे. या लेखनाची भूमिका एवढीच आहे, आणि ती ठामपणे मांडलेली बरी.

रबर एकटे उभे राहू शकत नाही. म्हणून सोलण्याआधी त्याच्यावर प्लास्टरचे दोन भागांचे कवच करतात, त्यात काथ्या घालून. कवच सुटे करायचे, रबराला शंखजिऱ्याची पूड लावायची, म्हणजे ते स्वतःलाच चिकटत नाही, आणि मग पायातून मोजा उलटा ओढावा तसा साचा वस्तूवरून सोलायचा. आत वळलेल्या जागाही सुटतात. साचा पुन्हा सुलटा करून कवचात बसवला की ओतकामाला तयार.

महाराष्ट्रात हे तंत्र सर्वांत मोठ्या प्रमाणावर कुठे चालत असेल, तर रायगड जिल्ह्यात पेणला. पेण शहर, आणि तालुक्यातली हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे ही गावे गणेशमूर्तींच्या कारखान्यांनी भरलेली आहेत. देवधर घराण्याने पेणच्या मूर्तिकलेला नाव मिळवून दिले, आणि पुढे शेकडो कुटुंबांनी तो व्यवसाय केला. इथे रबरी साचे रुळलेले आहेत. एक मूर्तिकार मातीत मूळ मूर्ती घडवतो, तिच्यावर साचा होतो, आणि त्यातून हंगामभर कच्च्या मूर्ती निघतात. राज्यभरातले लहान कारखानदार या कच्च्या मूर्ती विकत नेतात, आपल्याकडे रंगवतात, डोळ्यांची आखणी करतात. मुकुटावरचा एकेक मणी, शेल्याची चुणी आणि बोटावरची अंगठी मूर्तीमागून मूर्ती तशीच उतरते, ती साच्याच्या मऊपणामुळे. पालघरच्या होतकरू कारागिराने एकदा तरी माघी गणेशोत्सवानंतर हमरापूरला जाऊन हे काम डोळ्यांनी पाहावे. कुठल्याही छापील पानाला त्याची सर येणार नाही.

पण मुरब्याचा कारागीर आणि पेणचा कारखानदार यांचे वेळापत्रक वेगळे आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्याला लागतात, जाळी विणली-सांधली जातात, हाताला थोडी उसंत मिळते. जोडधंदा शिकायला हे दोन महिने बरे, असे कुणालाही वाटेल. लेटेक्ससाठी मात्र हेच दोन महिने वर्षातले सर्वांत वाईट. खाडीकाठच्या ओल्या हवेत थर पांढराच राहतो, गॉजला बुरशी येते, आणि पंखा लावूनही एका थराला दिवस जातो. तेव्हा वर्षाची वाटणी करावी. पावसात मूळ वस्तू घडवाव्यात; ओल्या हवेत शाडू लवकर तडकत नाही, कोरायला भरपूर वेळ मिळतो. साचे दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर करावेत. ओतकाम त्यानंतर उन्हाळ्यापर्यंत.

मूळ वस्तू कोणती घ्यावी? किनाऱ्याने नमुन्यांची कमतरता ठेवलेली नाही. शंख, शिंपले, कालवांचे झुबके, माशांचे आकार, होडीची छोटी प्रतिकृती, नांगर. सातपाटी-मुरब्याची ओळख असलेल्या पापलेटचा आकार तर नवशिक्यासाठी उत्तम. अंग चपटे, खवले बारीक, कडा स्पष्ट. तरी अगदी पहिली सुरुवात शिंपल्यावर करावी, कारण त्याची नक्षी सूक्ष्म असते आणि लेटेक्स किती बारीक ठसा घेते ते लगेच कळते.

एका ठिकाणी मात्र सावध राहायला हवे. पहिला साचा काढायला घरातली मूर्तीच हाताशी असते, आणि मराठी घरातल्या देव्हाऱ्यातली मूर्ती बहुधा पितळेची किंवा तांब्याची. तांबे रबराचे वैरी आहे. तांब्याचा अंश रबरात गेला तर रबर लवकर कुजते, चिकट होऊन गळते. पितळ आणि कांसे यांतही तांबे असतेच. अशा वस्तूवर आधी चपड्याचा किंवा लॅकरचा पातळ हात देऊन, तो पूर्ण वाळवून मगच लेटेक्स लावावे. तेलही तसेच. तेलकट प्लॅस्टिसिनमध्ये घडवलेली वस्तू चपड्याने बंद केल्याशिवाय लेटेक्सखाली घेऊ नये. आम्लाच्या थेंबानेही डब्यातला चीक फाटतो.

साच्यात काय ओतायचे, यावर अधिक गंभीरपणे बोलणे भाग आहे. प्लास्टर ऑफ पॅरिस सोपे. जिप्सम साधारण १५० अंशांवर भाजून केलेली ही पूड पाणी मिळताच काही मिनिटांत घट्ट होते आणि नक्षी हुबेहूब घेते. भिंतीवरच्या शोभेच्या पट्टीला, फोटोफ्रेमला ते चालेल. विसर्जनाच्या मूर्तीचा प्रश्न निराळा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये सुधारित मार्गदर्शक तत्त्वे काढून प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली. त्यानंतर वाद न्यायालयात गेला, आणि ९ जून २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अशा मूर्ती घडवायला मुभा देताना नैसर्गिक पाणवठ्यांतल्या विसर्जनावर अंकुश कायम ठेवला. पेणच्या हजारो हातांची रोजी या प्रश्नात अडकलेली आहे, म्हणून त्यांच्यावर बाहेरून टीका करणे सोपे आणि अन्याय्य आहे. पण नव्याने सुरुवात करणाऱ्याला निवड करता येते. त्याने शाडू किंवा कागदाचा लगदा निवडावा.

शाडू रबरी साच्यात वेगळा वागतो, हे आधीच माहीत असावे. प्लास्टरचा साचा मातीतले पाणी शोषतो आणि माती आपोआप सुटते. रबर पाणी शोषत नाही. म्हणून शाडू जरा घट्ट मळावा, हाताने कोपऱ्याकोपऱ्यांत दाबून भरावा, मधे पोकळी ठेवावी, आणि तो थोडा ताठ झाल्यावर रबर अगदी सावकाश सोलावे. निघालेल्या मूर्तीवर ओल्या बोटाने थोडी दुरुस्ती करावीच लागते. वेग कमी पडतो, हे खरे आहे.

आणि हा किनारा या निवडीबाबत उदासीन राहूच शकत नाही. तारापूर औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी नवापूरजवळ समुद्रात सोडले जाते. त्या प्रदूषणाविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेली. पाण्यासाठी लढलेल्या गावांनी आपल्या ओसरीवरचा छोटा उद्योगही त्याच कसोटीला लावावा. उरलेले लेटेक्स मोरीत किंवा खाडीत ओतू नये. ते एका ताटलीत पसरून सुकू द्यावे आणि रबराचा तुकडा म्हणून कचऱ्यात टाकावे. प्लास्टर कालवलेल्या बादलीचे पाणी निवळू द्यावे, गाळ वेगळा काढावा.

मेण, सिमेंट, साबणाचा वितळवलेला पाया हेही लेटेक्सच्या साच्यात चांगले ओतले जातात. मेणबत्त्या करणाऱ्या महिला गटांनी तर याच साच्यांनी सुरुवात करावी. पॉलिएस्टर रेझिनने साचा लवकर खराब होतो, त्या कामाला सिलिकॉन बरे. चॉकलेट किंवा मिठाईसाठी हा साचा कधीही वापरू नये. लेटेक्समधल्या प्रथिनांची काहींना तीव्र ॲलर्जी असते. फुगा किंवा रबरी हातमोजा लागताच ज्यांच्या अंगावर गांधी उठतात, त्यांनी या कामापासून दूरच राहावे. इतरांनी खिडक्या उघड्या ठेवून काम करावे. अमोनिया डोळ्यांना आणि घशाला झोंबतो, लहान मुलांना तर जास्तच.

राहिला प्रश्न नकलेचा. पेणला असो की सावंतवाडीला, एखाद्या कारागिराने महिनाभर खपून घडवलेला नवा नमुना कुणी विकत घेतो, त्यावर साचा काढतो आणि पुढच्या हंगामात अर्ध्या भावात विकतो, हे दुखणे साच्याइतकेच जुने आहे. मऊ साच्याने ते अधिक सोपे केले. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार शिल्प ही कलाकृती आहे आणि तिचा हक्क घडवणाऱ्याचा आहे. परवानगीवाचून काढलेला साचा ही चोरी आहे. हेच पालघरच्या आदिवासी कलेलाही लागू. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात नाचणारे देवादिकांचे मुखवटे कागदाच्या लगद्याचे, रंगवलेले, पाहताच मोह पडावा असे असतात. पण ते सोंग आणणाऱ्या माणसांचे, त्यांच्या विधीचे आहेत. त्यांच्यावर लेटेक्स फासून भिंतीवरच्या शोभेच्या वस्तू काढणे हा उद्योग या पुस्तकाला मान्य नाही. मुखवटे घडवणारा कलावंत स्वतः साचा करू म्हणाला, तर त्याला सर्व मदत करावी, आणि मोबदला त्याच्या हातात जावा.

तयार साचा जपला तर पुष्कळ चालतो. काम झाल्यावर तो साध्या पाण्याने धुवावा, सावलीत सुकवावा, शंखजिऱ्याची पूड लावून त्याच्याच कवचात ठेवावा. घडी घालून दाबून ठेवलेला साचा तसाच वाकडा राहतो. उन्हाने आणि हवेतल्या ओझोनने रबर तडकते, म्हणून पत्र्याच्या छपराखाली किंवा उघड्या खिडकीत त्याची जागा नाही. लोखंडी कपाटाचा अंधारा खण बरा.

पुढच्या पानांत प्रत्येक पायरीची कृती सावकाश येईल. ती वाचून लगेच मोठी मूर्ती करायला कुणी घेऊ नये. दिवाळीनंतर अर्धा किलो व्हल्कनाइज केलेले लेटेक्स आणावे, डब्यावर खरेदीची तारीख लिहावी आणि किनाऱ्यावरून निवडलेल्या एका शिंपल्यापासून सुरुवात करावी. त्या एका साच्यातून दहा निर्दोष शिंपले निघेपर्यंत दुसरी वस्तू हातात घेऊ नये.